कोल्हार ते राहुरी, आठ मिनिटांत

संपादकांनी फोनवर विचारलेला प्रश्न साधा होता. कोटीच्या पुढं किंमत असलेल्या, दांडग्या आणि वेगवान एसयूव्ही परदेशातल्या रेसट्रॅकवर विक्रम करतात, त्या विक्रमांचा आपल्या माणसाला काही उपयोग असतो का? "तुम्ही दोन्हीकडं काम केलंय, तुम्हीच लिहा," ते म्हणाले, "जरा हलकंफुलकं होऊ द्या." मी हो म्हणालो. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा हलकं काही सुचलं नाही. प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. पण ते मला कसं कळलं, हे न सांगता उत्तर देणं खोटेपणाचं होईल, आणि खोटं पुष्कळ बोलून झालं आहे.

दोन्हीकडं म्हणजे असं की, पंचविशीपासून अकरा वर्षं मी नगरजवळ गाड्यांच्या चाचणीच्या ट्रॅकवर कंत्राटी चालक होतो, आणि त्यानंतर नऊ वर्षं पुण्यातल्या एका आलिशान गाड्यांच्या शोरूममध्ये विक्री विभागात. मी भिंगारचा, नगर जिल्हा पायाखालचा, म्हणून इकडची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं असत.

चाचणीचालकाचं काम बाहेरून रुबाबदार वाटतं. प्रत्यक्षात ते गिरणीतल्या पाळीसारखं असतं. एकाच रस्त्यावर ठरलेल्या वेगानं तासन्‌तास फिरायचं. दगड बसवलेल्या पट्टीवरून इतक्या फेऱ्या मारायच्या की संध्याकाळी घरी जेवताना दात वाजल्यासारखे वाटायचे. डबक्यातून न्यायची, चढावर थांबवून पुन्हा उचलायची. आणि ब्रेक. एका बाजूची चाकं ओल्या फरशीवर, दुसऱ्या बाजूची कोरड्या डांबरावर, आणि पाय पूर्ण दाबायचा. गाडी सरळ राहते की गिरकी घेते, किती अंतरात थांबते, ते मोजायचं. आम्हा चालकांत गाडीचं कौतुक म्हणजे "थांबते चांगली." नवा कुणी "पळते चांगली" म्हणाला की बाकीचे हसायचे. पळत तर सगळ्याच होत्या.

शोरूममध्ये गेल्यावर मला हे सगळं विसरावं लागलं. खरं तर विसरलो नाही, बाजूला ठेवलं. ते जास्त वाईट.

तिथं आम्हाला एक विक्रम पाठ करायला दिला होता. परदेशात डोंगरातून जाणारा वीसेक किलोमीटरचा एक नामांकित ट्रॅक आहे, आणि आमच्या गाडीनं त्याचा फेरा आठ मिनिटांच्या आत पूर्ण केला होता. त्याचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायचा, आवाज वाढवायचा आणि गप्प राहायचं. हा विक्रम होतो कसा, ते मला ट्रॅकवरच्या दिवसांमुळं बरोबर कळत होतं. रस्ता पूर्ण बंद. हवा कोरडी आणि गार. चालक असा की ज्याला तिथलं प्रत्येक वळण तोंडपाठ. टायर खास बनवलेले, रस्त्याला चिकटणारे, थोड्याच फेऱ्यांत झिजणारे. दुकानातून घेतलेल्या गाडीला ते बहुतेक वेळा नसतातच. एक फेरा झाला की गाडी थंड करायची.

म्हणून विक्रम खोटा ठरत नाही. अडीच टनांच्या आसपासचं धूड वळणात कलंडू द्यायचं नाही, ब्रेक तापून मऊ पडू द्यायचे नाहीत, यात इंजिनिअरांची खरी कसोटी लागते, आणि त्यातलं थोडंफार शहाणपण साध्या गाडीतही उतरतं. पण तो विक्रम त्या गाडीचा, त्या चालकाचा आणि त्या सकाळचा असतो. विकत घेणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. मिळतं ते फक्त वजन.

हे मी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.

सगळी गिऱ्हाइकं विक्रमाला भुलत असंही नव्हतं. पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या पलीकडच्या एका गावात डाळिंबवाले आजोबा होते. नातवांच्या हट्टानं ट्रायल मागवली होती. मी व्हिडिओ दाखवायला मोबाईल काढला, तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. ह्यो बांध चढंल का?" मी म्हणालो, चढेल. मग त्यांनी घरातून पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी आणवली, मागच्या सीटवर ठेवली, स्वतः तिच्याशेजारी धोतर सावरून बसले. "चला. मळ्याला चक्कर मारू. पानी सांडलं तर गाडी तुमची, न्हाई सांडलं तर माजी." सीटच्या कातड्याच्या काळजीनं माझा जीव वरखाली होत होता. तीन ओहोळ, दोन बांध आणि पाटाच्या पाण्याची एक चारी ओलांडून आलो. पाणी सांडलं, पण थोडंसंच. आजोबांनी सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "तुमी बरं हाकता. गाडीचं काय कळलं न्हाई." गाडी घेतली नाही. त्या आजोबांची परीक्षा आमच्या आठ मिनिटांपेक्षा जास्त खरी होती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी तो किस्सा शोरूममध्ये सांगून हशा मिळवला.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

परदेशातला ट्रॅक आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर येत नाही, ही माझी अडचण होती. वीस किलोमीटर म्हणजे किती? एकदा बोलता बोलता मला जोड सापडली. कोल्हारच्या प्रवरेवरच्या पुलापासून राहुरीपर्यंत अंतर साधारण तेवढंच भरतं. मग मी म्हणू लागलो, "शेठ, असं समजा, कोल्हारच्या पुलावरून निघालात आणि आठ मिनिटांत राहुरीत." लोक खो खो हसायचे, कारण त्या रस्त्याच्या खड्ड्यांवर सगळा जिल्हा विनोद करत असे. पण वाक्य डोक्यात बसायचं. नंतर काही टप्पा काँक्रीटचा होऊन गुळगुळीत झाला, आणि हसणारे हसायचे थांबले.

या गाड्यांबरोबर मोबाईलवर एक ॲप मिळतं. त्यात जगातल्या ट्रॅकची यादी असते. ट्रॅकवर सुरुवातीची रेघ ओलांडली की घड्याळ आपोआप चालू होतं, शेवटची ओलांडली की बंद होतं, आणि प्रत्येक ठिकाणी वेग किती होता याचा नकाशा तयार होतो. आपला ट्रॅक आखायचीही सोय असते. मी कोल्हारचा पूल ही पहिली रेघ धरली, राहुरीच्या अलीकडचा एक पेट्रोलपंप ही शेवटची, आणि तो ट्रॅक माझ्या सहा-सात गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये भरून दिला. मालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवत होतोच. त्यावर वेळा यायला लागल्या. आठ मिनिटं कुणाच्या बापाला जमणार नव्हती. सतरा, सोळा, साडेपंधरा. मी अंगठे दाखवायचो. सगळ्यात कमी वेळ देणाऱ्याला शोरूमची एक टोपी द्यायचो.

अकरा वर्षं ज्यानं बंद फाटकाच्या आत, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना गाडी चालवली, त्या माणसानं ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर शर्यतीची रेघ मारली. माझी चूक नेमकी हीच, आणि ती माझ्याएवढी जाणती नजर असलेल्या माणसाकडून व्हायला नको होती.

विलासशेठ कोल्हारजवळचे. पेरूच्या बागा, पन्नास-साठ गाईंचा गोठा, दिलदार माणूस. गाडी घ्यायला आले तेव्हा बरोबर मंदावहिनी होत्या. शेठ पडद्याकडं बघत होते, वहिनी गाडीभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर आल्या.

"भाऊ, एवढी जड दिसती. मधी कुनी आलं तर थांबती का लगेच?"

नऊ वर्षांत हा प्रश्न विचारणारं ते एकच गिऱ्हाईक. ट्रॅकवर आम्ही रोज हाच प्रश्न गाडीला विचारायचो. खरं उत्तर होतं, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, बेताच्या वेगात असाल तर फार छान थांबते, आणि वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट जागा लागते, मग गाडी कितीही महागाची असो. मी पडद्याकडं बोट केलं. "वहिनी, जी गाडी हा घाट आठ मिनिटांत उतरते, तिच्या ब्रेकची काळजी तुम्ही करायची?"

"आगं, त्येंनी सगळं मोजल्यालं असतंय," शेठ म्हणाले.

"मी आपलं इचारलं," वहिनी म्हणाल्या.

गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. वहिनींनी कुंकू लावताना दोन्ही हेडलाइट पदरानं पुसले.

कोल्हारचा ट्रॅक शेठच्या मोबाईलमध्येही भरून दिला. काही महिन्यांनंतरची गोष्ट, उसाचा हंगाम चालू होता. सकाळी अकराच्या सुमाराला विलासशेठचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "दिनकर, या जरा. लगेच या. आपल्या डॉक्टरला लागली गाडी."

डॉक्टर म्हणजे उत्तम भालेराव. देवळाली प्रवरेचे. पदवीनं डॉक्टर नव्हेत. गाईंना कृत्रिम रेतन करणारे, गाभण तपासणारे, पण वीस गावं त्यांना डॉक्टरच म्हणत. हे काम बाहेरच्याला माहीत नसतं. डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत घालायचा आणि बोटांनी गर्भाशय चाचपून सांगायचं, राहिली की नाही, किती दिवसांची. यंत्र नाही, काही नाही. दीड महिन्याची गाभण गाय भालेराव हातानं सांगायचे. शेठच्या गोठ्यात त्यांचा दहा वर्षांचा राबता होता.

त्या सकाळी माजावर आलेल्या एका गाईसाठी भालेराव मोटारसायकलवरून निघाले होते. रस्त्याच्या त्या टप्प्यात काम चालू असल्यानं एकाच बाजूनं दोन्हीकडची वाहतूक होती. त्यांच्या मागं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. वस्तीकडं जायला ते उजवीकडं वळले, आणि ट्रॅक्टरला ओलांडून आलेली शेठची गाडी त्यांच्यावर आली. शेठनी ब्रेक दाबला होता. पण शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरांनी काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आणून ठेवलेला, आणि चिखलावर अडीच टन कुणाचंच ऐकत नाहीत.

मी त्या दिवशी नगरलाच होतो. तासाभरात पोचलो तेव्हा भालेरावांना लोणीच्या दवाखान्यात नेलं होतं. शेठ बांधावर बसले होते. कपडे स्वच्छ, अंगावर ओरखडा नाही. गाडीनं तेवढं काम चोख केलं होतं.

"पोलिसांना साठ सांगितलंय," ते हळूच म्हणाले. "येवढा येग होता म्हनलं. ट्रॅक्टरवाला थांबलाच न्हाई, दुसरं कुनी बघनारं न्हाई. दिनकर, ते तुमच्या ॲपात सगळं ऱ्हातं ना?"

"राहतं."

"पुसता येतंय?"

मी हात पुढं केला. त्यांनी मोबाईल दिला. घड्याळ कोल्हारच्या पुलावर चालू झालेलं होतं आणि शेवटची रेघ न आल्यामुळं अजून चालूच होतं. मी नकाशा मोठा केला. धडकेच्या आधी, ट्रॅक्टरच्या मागं, वेग एकशे एकतीस. मी त्या पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये काढला. का काढला, तेव्हा सांगता आलं नसतं. मग तो फेरा पुसला, खात्यातूनही काढला. घरी येऊन ग्रुपवरून माझे सगळे अंगठे आणि सगळ्या वेळा पुसल्या, आणि त्यानंतर ग्रुपच बंद केला. शोरूमला मी काहीच कळवलं नाही.

पंचनाम्यात आलं की दुचाकीस्वार मागं न बघता अचानक वळला.

भालेराव वाचले. डावा खांदा मात्र गेला. हात छातीच्या वर उचलत नव्हता, बोटांना मुंग्या कायमच्या. विलासशेठनी दवाखान्यात कशाची कमतरता पडू दिली नाही, हे मी त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे. रोज जाऊन बसायचे. गाडी विकून टाकली. पण खरं सांगायची हिंमत त्यांना झाली नाही, आणि त्यांची हिंमत मीच पुसली होती.

मी काम करत राहिलो. तो व्हिडिओ लावत राहिलो. फक्त कोल्हारचं वाक्य बोलायचं बंद केलं, आणि तेवढ्यावर स्वतःला बरा माणूस समजत होतो. सव्वा वर्ष.

मग मंदावहिनींचा फोन आला.

"भाऊ, एक इचारायचंय. खरं सांगाल?"

"बोला वहिनी."

"डॉक्टर आले हुते काल गोठ्यावर. आत येत न्हाईत आता. दाराशी उभं ऱ्हाऊन त्या नव्या डॉक्टरला सांगत्यात, असा हात घाला, तसा घाला. मी चहा दिला. तर म्हनले, वहिनी, शेठला म्हनावं मनाला लावून घेऊ नका, माजंच चुकलं. मी मागं बघितल्यालं मला आटवतंय, पर सगळे म्हनत्यात न्हाई बघितलं, तर न्हाई बघितलं असंल. डोक्याला मार हाय ना." वहिनींनी आवाज खाली आणला. "हे ऐकून आमचे हे उठून आत गेले ते जेवलेच न्हाईत. भाऊ, त्या दिवशी मी तिथं आले तवा ह्यांनी तुमच्याकडं मोबाईल दिल्ता. काय पुसलं तुमी?"

मी सांगितलं. सगळं, एकशे एकतीससकट.

मग वहिनी म्हणाल्या, "मी थांबती का म्हनून इचारलं हुतं." आणि फोन ठेवला.

मला अपघातानं जेवढं हलवलं नव्हतं, तेवढं भालेरावांच्या त्या वाक्यानं हलवलं. खांदा गेला त्यात वेगाचा, चिखलाचा, नशिबाचा वाटा काढता आला असता. पण त्या माणसाची स्वतःची आठवण खोटी ठरवली गेली होती, आणि ती मी ठरवली होती. ज्याच्या बोटांवर वीस गावं विश्वास ठेवायची, त्याचा आता स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता.

नोकरीचा राजीनामा दिला. पुढच्या सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला, फोटो दिला, पुसलं कुणी तेही लिहिलं. जाण्याआधी विलासशेठना फोन केला होता. मला वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, "मला बोलवलं की मी बी येतो. जा तू." माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल, त्याबद्दल तक्रार नाही. संपादकांना हवं असलेलं उत्तरही आता देतो. ट्रॅकवरचा विक्रम रस्त्यावरच्या माणसाच्या काहीही कामाचा नसतो. गाडी घ्यायला जाल तेव्हा वहिनींचा प्रश्न विचारा, आणि विकणारा पडद्याकडं बोट करायला लागला तर उठून या.

ठाण्यातून मी तसाच देवळालीला गेलो. भालेरावांचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली कपाटात गाईंच्या नोंदींच्या वह्यांची चळत. ते खुर्चीवर बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला. त्यांच्या पत्नी, सुमनताई, आतल्या खोलीत शिलाई मशीनवर होत्या.

मी माझं नाव सांगितलं, गाडी विकणारा मीच हेही सांगितलं.

"बसा ना साहेब. शेठ बरे हायेत ना?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन मला ते बोलता आलं नसतं. उभ्यानंच सांगितलं. रेघा कुणी मारल्या, घड्याळ कुठं चालू झालं, काय पुसलं. मोबाईलमधला फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला.

"ह्यो काय आकडा?"

"वेग. एकशे एकतीस. ट्रॅक्टरच्या मागं असतानाचा."

मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही मागं पाहिलं तेव्हा गाडी फार लांब होती. दोन ट्रॉल्यांच्या आड. तुम्हाला रस्ता मोकळाच दिसला असणार. साठच्या वेगात ती तुमच्यापर्यंत पोचलीच नसती, तुम्ही वळून पार वस्तीवर गेला असता. तुमचं काहीही चुकलं नाही."

मशीन थांबलं होतं. केव्हा थांबलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

भालेरावांनी मोबाईल मला परत दिला. माझ्याकडं पाहिलं नाही. मान वळवून आतल्या खोलीकडं पाहत त्यांनी हाक मारली.

"सुमन."

"काय?"

"मी मागं बघितलं व्हतं गं."

सुमनताई दारात आल्या. "मी कवा न्हाई म्हनलं?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो.